बफर अंडररन

संगणकावर व्हिडिओ रेंडर होतो आहे, मागे गाणे चालू आहे आणि ते मध्येच अडखळू लागते, खरखरते, टक्‌टक् वाजते. या दोषामागे बहुतेक वेळा बफर अंडररन असतो. साउंड कार्डाला पुढचा ध्वनी लागतो नेमक्या त्या क्षणी तो तयार नसतो.

साउंड कार्ड स्वतःच्या घड्याळावर चालते. ४८,००० हर्ट्‌झला ते सेकंदाला प्रत्येक वाहिनीचे (डाव्या आणि उजव्या बाजूचे) ४८,००० नमुने, म्हणजे ध्वनिलहरीची आकड्यांतली मोजमापे, उचलते. प्रोसेसर कितीही गुंतलेला असो, ते त्याच्यासाठी थांबत नाही. दोघांच्या मध्ये बफर असतो, म्हणजे मेमरीतला छोटा साठा. एका बाजूने प्रोसेसर तो भरतो, दुसऱ्या बाजूने कार्ड उपसते. २५६ नमुन्यांचा साठा ५.३ मिलिसेकंद पुरतो, १,०२४ चा २१.३. तेवढ्यात भर पडली नाही की ध्वनिलहर मध्येच तुटते आणि ती तुटलेली कड कानाला ‘टक्’ अशी ऐकू येते. असे ‘टक्’ भराभर आले की त्यांचीच खरखर होते. संगणक पुरता गोठला तर एकच तुकडा घुमत राहतो, कारण बफर गोलाकार असतो आणि नवे काही न आल्याने कार्ड जुनेच नमुने पुन्हा वाचते.

म्हणजे इथे प्रोसेसरच्या ताकदीपेक्षा ध्वनीच्या कामाला तो वेळेवर मिळण्याला महत्त्व आहे. टास्क मॅनेजरमधला प्रोसेसर-वापराचा आकडा इथे चांगलाच फसवतो. आठ कोअरपैकी एक पूर्ण भरला तरी एकूण वापर १२.५ टक्केच दिसतो. शिवाय ती सरासरी असते, आणि आवाज तुटायला काही मिलिसेकंदांचा अडथळा पुरतो. विंडोजवर वाय-फाय किंवा ग्राफिक्सचा एखादा ड्रायव्हर (ते हार्डवेअर चालवणारे सॉफ्टवेअर) प्रोसेसर अडवून बसतो, तेव्हाही हेच घडते. असा ड्रायव्हर शोधायला लेटन्सीमॉन हे साधन उपयोगी पडते.

आवाज फाटण्याचे दुसरे कारण क्लिपिंग, म्हणजे आवाजाची पातळी मर्यादेबाहेर गेल्याने लहरीचे शेंडे छाटले जाणे. त्याचा प्रोसेसरशी संबंध नाही. गाणे दर वेळी त्याच मोठ्या सुरावर फाटत असेल तर ते क्लिपिंग. फाटण्याची जागा दर वेळी बदलत असेल, शांत भागातही टक्‌टक् येत असेल आणि जड काम थांबवताच आवाज स्वच्छ होत असेल, तर अंडररन. दोन मिनिटांची ही चाचणी न करता लोक चांगले स्पीकर बदलून टाकतात, याचे वाईट वाटते.

पहिला उपाय बफर वाढवण्याचा. नुसते ऐकायचे असेल तर वाढलेला विलंब जाणवतही नाही. त्यानंतर जड कामाची प्रायॉरिटी, म्हणजे प्रोसेसर मिळण्यातला अग्रक्रम, उतरवावी. लिनक्सवर त्यासाठी ‘नाइस’ ही आज्ञा आहे. वीज वाचवणारा मोड प्रोसेसरचा वेग उतरवतो, तो बंद करून पाहावा. लॅपटॉप तापला की वेग आपोआप घटतो, तेव्हा हवेच्या जाळीतली धूळही तपासावी. ध्वनीला आधी पाळी देण्याची सोय विंडोजमध्ये व्हिस्टापासून आहे. लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये (प्रणालीच्या गाभ्यात) रिअल-टाइमचे, म्हणजे तातडीच्या कामाला ठरल्या वेळेत प्रोसेसर देण्याच्या सोयीचे, काम २०२४ साली ६.१२ या आवृत्तीत पूर्णपणे सामावले गेले.

रेकॉर्डिंगमध्ये मात्र बफर वाढवून भागत नाही. गायकाला स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये उशिरा ऐकू आला की लय सुटते. म्हणून तिथे बफर लहानच ठेवतात आणि जड इफेक्ट लावलेले ट्रॅक आधीच फ्रीज करतात, म्हणजे इफेक्टसह तयार ध्वनी म्हणून साठवून ठेवतात; मग प्रोसेसरला ते दर वेळी नव्याने घडवावे लागत नाहीत.