ख्रिस्ती अध्यात्मातील अंतर्युद्धाची रूपके

पाप, मोह, संशय आणि श्रद्धेला आलेला कोरडेपणा यांच्याशी माणसाच्या मनात चालणारी झुंज व्यक्त करण्यासाठी ख्रिस्ती परंपरेने घडवलेल्या या प्रतिमा आहेत. त्यांत युद्धाची प्रतिमा सर्वांत रूढ असली, तरी प्रतिपक्ष नेमका कोण, याचे उत्तर रूपकागणिक बदलते.

बायबलच्या नव्या करारातील इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात विश्वासाची ढाल, तारणाचे शिरस्त्राण आणि आत्म्याची तलवार धारण करण्यास सांगितले आहे. तेथे शत्रू रक्तमांसाची माणसे नसून दुष्ट आत्मिक शक्ती आहेत. या सामग्रीत तलवार वगळता बहुतेक साधने बचावाची आहेत आणि आदेशही टिकून उभे राहण्याचा आहे, हे या रूपकाचा आक्रमक अर्थ लावणाऱ्यांच्या नजरेतून सहसा सुटते.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटातील तपस्व्यांनी हे रणांगण विचारांच्या पातळीवर आणले. त्यांपैकी इव्हाग्रियसने (३४५–३९९) साधकाला ग्रासणारे आठ विचार सांगितले. त्यांतील साधनेचा उबग त्याने बायबलमधील स्तोत्रसंहितेच्या आधारे ‘मध्यान्हीचा सैतान’ म्हणून रंगवला : सूर्य जागचा हलत नाही असे वाटते, नजर वारंवार खिडकीकडे जाते, राहत्या जागेचा तिटकारा येतो. हा शत्रू चाल करून येत नाही, तर दुसरीकडे कुठेतरी अधिक चांगली साधना होईल, असे सुचवतो. म्हणूनच त्यावरचा मुख्य उपाय आपल्या कोठडीत टिकून राहणे हा होता. पुढे प्रुडेंटियस या ख्रिस्ती कवीने लॅटिन काव्यात सद्गुण व दुर्गुण यांना स्त्री-योद्ध्यांच्या रूपात समोरासमोर उभे केले आणि मध्ययुगीन कलेला एक लोकप्रिय विषय मिळाला. मात्र त्यात मनाची घालमेल फारशी उरली नाही.

ती घालमेल ख्रिस्ती धर्मचिंतक संत ऑगस्टीनच्या आत्मकथनात सापडते. मन शरीराला आज्ञा देते तेव्हा ती तत्काळ पाळली जाते, पण स्वतःला आज्ञा देते तेव्हा विरोध होतो, असे तो नोंदवतो. रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात, जे चांगले करावेसे वाटते ते आपण करत नाही, अशी जी कबुली प्रेषित पौल देतो तिच्याशी जुळणारा हा अनुभव मांडताना, माणसात चांगली व वाईट अशा दोन प्रकृती असतात हे मानी पंथाचे मत तो नाकारतो. दुभंगलेली इच्छा त्याची स्वतःचीच आहे.

बायबलमधील ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या बत्तिसाव्या अध्यायातील, इस्राएलचा पूर्वज याकोब याची एका अनोळखी पुरुषाशी झालेली कुस्ती याहून विलक्षण आहे. रात्रभर झुंजणाऱ्या याकोबाची जांघ उखळते, तरी तो आशीर्वाद मिळेपर्यंत प्रतिस्पर्ध्याला सोडत नाही, आणि नंतर आपण देवाला समोरासमोर पाहिले असे म्हणतो. सोळाव्या शतकातील स्पॅनिश संत योहान (क्रूसाचा) याच्या ‘अंधाऱ्या रात्री’च्या रूपकात तर झुंजही मागे पडते : प्रार्थनेतील गोडवा नाहीसा झाल्यावर तो बळाने परत मिळवण्याची धडपडच अडथळा ठरते, म्हणून साधकाने शांतपणे, प्रेमपूर्वक देवाकडे लक्ष ठेवून राहावे, असे तो सांगतो.