पहिल्या पिढीचे आयपॉड आणि स्मार्टफोन खरंच टिकायचे का? थोडी पार्श्वभूमी

सध्या जुने आयपॉड, जुने नोकिया परत विकत घ्यायची टूम आलीये आणि त्यासोबत एक वाक्य हमखास ऐकू येतं, की जुन्या वस्तू टिकायच्या हो, आताच्यासारख्या नव्हत्या. मला हे अर्धंच खरं वाटतं. आज वीस वर्षांचा एखादा आयपॉड चालताना दिसतो तो चालतोय म्हणूनच दिसतो, त्याच्याबरोबर विकले गेलेले बाकीचे कधीच भंगारात गेले आणि त्यांचे फोटो कोणी टाकत नाही. पहिल्या पिढीतल्या वस्तू बिघडायच्या, भरपूर बिघडायच्या, आणि त्या का बिघडायच्या हे नीट बघितलं तर आजचा फोन असा का बनला हे बरंचसं कळतं. माझं म्हणणं एवढंच, की टेबलावर ठेवायच्या कॉम्प्युटरचे पार्ट तेव्हा जवळजवळ जसेच्या तसे खिशात घातले गेले, आणि खिशातले धक्के, घाम, ऊन, धूळ या कशाचाच विचार करून ते पार्ट मुळात बनलेले नव्हते.

वॉकमनपासून सुरुवात करू पण तिथे फार थांबायला नको. सोनीचा पहिला वॉकमन १ जुलै १९७९ ला जपानमध्ये आला. त्याच्यात मोटर, रबरी बेल्ट, रोलर, हेड असा सगळा यांत्रिक मामला. बेल्ट सैल पडला की गाणं रडायला लागायचं, हेडवर धूळ बसली की आवाज दबायचा. पण दोष काय आहे ते कानाला कळायचं आणि दुरुस्ती कोपऱ्यावरच्या रेडिओवाल्याकडे व्हायची, बेल्ट बदला, हेड स्पिरिटने पुसा, नवे सेल घाला, झालं. बिघाड होता पण तो माणसाच्या आवाक्यातला होता. पुढची गोष्ट वाचताना हे लक्षात ठेवा.

१९९८ मध्ये कोरियातल्या सेहान कंपनीचा एमपीमॅन हा गाण्यांच्या फाइल वाजवणारा खिशातला प्लेअर आणि त्याच वर्षी अमेरिकेत डायमंडचा रिओ पीएमपी३०० आला. दोन्ही फ्लॅश मेमरीवर चालणारे, आत हलणारा एकही पार्ट नाही, म्हणजे आपटला तरी गाणं अडखळायचं नाही. मग सगळं तिथेच का नाही थांबलं? कारण मेमरी होती ३२ एमबी, म्हणजे बऱ्या क्वालिटीची जेमतेम अर्ध्या तासाची गाणी. फ्लॅश तेव्हा भयंकर महाग होती. त्यामुळे जास्त गाणी हवी असतील तर हार्ड डिस्कशिवाय पर्यायच नव्हता. १९९९ मध्ये कॉम्पॅकच्या संशोधकांनी बनवलेला पीजेबी-१०० आला ४.८ जीबीचा, २००० मध्ये क्रिएटिव्हचा नोमॅड ज्यूकबॉक्स ६ जीबीचा, आणि यांच्यात चक्क लॅपटॉपची अडीच इंची डिस्क होती.

मग २३ ऑक्टोबर २००१ ला आयपॉड. ५ जीबी, किंमत ३९९ डॉलर, आत तोशिबाची १.८ इंची डिस्क. आता ही डिस्क म्हणजे नक्की काय ते जरा जवळून बघायला हवं. मिनिटाला चार हजारांवर फेऱ्या मारणारी तबकडी, आणि तिच्यावरून केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी अंतर ठेवून फिरणारं हेड. चालू असताना दणका बसला तर हेड तबकडीला टेकणार आणि तिथला डेटा गेला. हे माणूस जिममध्ये घेऊन जाणार, बसमध्ये उभा राहून ऐकणार! यावर ॲपलने जो तोडगा काढला तो मला आजही फार आवडतो. आत ३२ एमबीची रॅम (वीज असेपर्यंतच टिकणारी तात्पुरती मेमरी) ठेवली, डिस्क थोडा वेळ फिरवून पुढची साधारण वीस मिनिटांची गाणी रॅममध्ये ओढून घ्यायची आणि डिस्क बंद करून टाकायची. म्हणजे बहुतेक वेळ डिस्क झोपलेली, हेड पार्क केलेलं, दणका बसला तरी फरक नाही, वर बॅटरीही वाचते. पण ज्याला एक गाणं धड पूर्ण ऐकायची सवय नाही, सारखं पुढचं पुढचं करत राहतो, त्याची डिस्क पुन्हा पुन्हा जागी व्हायची. म्हणजे एकच मॉडेल एकाकडे वर्षानुवर्षं चालायचं आणि दुसऱ्याकडे लवकर मरायचं, याचं एक कारण वापरायच्या पद्धतीतच होतं.

आणि डिस्क मेली की ती सांगून मरायची, टक टक टक असा आवाज आणि पडद्यावर रडक्या चेहऱ्याच्या आयपॉडचं चित्र. लोकांनी यावर जे उपाय शोधले तेही या इतिहासाचा भाग आहेत. कोणी तळहातावर आपटून अडकलेलं हेड सोडवायचे, कोणी मागचं झाकण उघडून डिस्क आणि बोर्ड जोडणारी पट्टी परत नीट बसवायचे, आणि एक उपाय तर खूप पसरला होता, व्हिजिटिंग कार्ड दुमडून डिस्कवर ठेवायचं आणि झाकण लावायचं, म्हणजे दाब बसून कनेक्शन घट्ट राहतं. गंमत वाटेल पण काही काही आयपॉड खरंच त्याने चालू झाले, कारण दोष डिस्कचा नसून सैल झालेल्या जोडणीचा असायचा. पहिल्या आयपॉडचं चाकही प्रत्यक्ष फिरणारं होतं, कडेने धूळ आत जायची, २००२ च्या दुसऱ्या पिढीत ते काढून टच चाक आणलं.

पण खरी बोंबाबोंब झाली ती बॅटरीवरून. लिथियम बॅटरी वापरा किंवा नका वापरू, वय झालं की तिची क्षमता उतरते, काहीशे वेळा चार्ज झाली की फरक जाणवायला लागतो, आणि उष्णतेत तर फारच लवकर. ॲपलच्या स्वतःच्या कागदावर ही यंत्रं ३५ अंशांपर्यंतच्या तापमानात वापरायची असं लिहिलेलं असायचं, आता नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तिथे हे कसं जमायचं? तर बॅटरी उतरणार हे माहीत असूनही आयपॉड बंद डब्यासारखा बनवला होता, ग्राहकाने उघडायचा नाही असा. २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या दोन भावांनी यावर एक छोटी फिल्म करून इंटरनेटवर टाकली, तक्रार अशी की बॅटरी मेली म्हणून कंपनीला फोन केला तर नवीनच घ्या असं सुचवलं गेलं. ती प्रचंड फिरली. त्याच सुमारास, नोव्हेंबर २००३ मध्ये, ॲपलने ९९ डॉलरला बॅटरी बदलून द्यायची योजना आणली (योजना आधीच ठरली होती असं कंपनीचं म्हणणं होतं). तरी लोक कोर्टात गेलेच, आणि २००५ मध्ये पहिल्या तीन पिढ्यांच्या ग्राहकांसाठी तडजोड झाली, पात्र लोकांना ५० डॉलरची खरेदीची सवलत किंवा बॅटरीची वाढीव हमी. मला वाटतं खिशातल्या यंत्राच्या बॅटरीचा मालक कोण, हा प्रश्न इतक्या जाहीरपणे पहिल्यांदा इथेच विचारला गेला.

पहिल्या पिढीच्या आयपॉड नॅनोची कथा अजून वेगळी. सप्टेंबर २००५ मध्ये आला, फ्लॅश मेमरी, म्हणजे डिस्कची कटकट संपली. तर पडद्यावर ओरखडे फार पटकन पडतात म्हणून आरडाओरडा झाला. पण मोठा दोष मागाहून बाहेर आला, काही नॅनो चार्जिंगच्या वेळी तापायला लागले, २००८ मध्ये जपानच्या उद्योग मंत्रालयाने त्यात लक्ष घातलं, आणि शेवटी नोव्हेंबर २०११ मध्ये ॲपलने सप्टेंबर २००५ ते डिसेंबर २००६ मध्ये विकले गेलेले नॅनो बदलून द्यायला काढले. सहा वर्षांनी! तोवर कित्येकांनी तो कुठेतरी खणात टाकूनही दिला असेल.

आता मायक्रोसॉफ्टचा झून, म्हणजे आयपॉडसारखाच गाण्यांचा प्लेअर, हा माझ्या मते सगळ्यात शिकण्यासारखा प्रसंग. ३१ डिसेंबर २००८ ला पहिल्या पिढीचे ३० जीबीचे झून एकाच दिवशी गोठले, चालू केले की लोगोवरच अडकलेले. डिस्क ठीक, बॅटरी ठीक, कोणी काही केलेलं नाही. कारण निघालं घड्याळाच्या चिपच्या कोडमध्ये. १९८० पासून किती दिवस झाले हा आकडा घ्यायचा आणि त्यातून एकेका वर्षाचे दिवस वजा करत आजचं वर्ष काढायचं असं ते काम. दिवस ३६५ पेक्षा जास्त उरले असतील तर अजून एक वर्ष वजा कर, लीप वर्ष असेल तर ३६६ पेक्षा जास्त आहेत का बघ आणि मगच वजा कर. आता २००८ लीप वर्ष आणि ३१ डिसेंबर हा त्याचा बरोब्बर ३६६ वा दिवस. ३६५ पेक्षा जास्त आहे म्हणून फेरा थांबत नाही, ३६६ पेक्षा जास्त नाही म्हणून वजाबाकी होत नाही, यंत्र तिथेच गोल गोल फिरत बसलं. कंपनीचा सल्ला काय तर बॅटरी पूर्ण संपू द्या आणि १ जानेवारीला ग्रीनिच वेळेनुसार दुपारनंतर परत चार्ज करा. दिवस बदलला आणि झून आपोआप बरे झाले. हार्डवेअर कितीही मजबूत असू दे, दोन ओळींच्या चुकीमुळे सगळ्यांचं यंत्र एकदम बंद पडू शकतं, हे वॉकमनच्या काळात शक्यच नव्हतं.

फोनकडे वळू. पहिला स्मार्टफोन म्हणून ज्याचं नाव घेतात तो आयबीएमचा सायमन, १९९४ मध्ये विक्रीला आला, टचस्क्रीन, फॅक्स, ईमेल सगळं, वजन अर्धा किलो आणि बॅटरी बोलायला साधारण तासभर. विकले गेले ५० हजारांच्या आसपास. त्याच्याबद्दल टिकाऊपणाची चर्चा करण्यात अर्थ नाही कारण बॅटरी दिवसभर पुरत नव्हती तिथेच विषय संपतो.

त्यापेक्षा जास्त लोकांना फटका बसला तो रॅमचा. आज ऐकून विश्वास बसणार नाही पण २००३ च्या ट्रिओ ६०० सारख्या पाम फोनमध्ये आणि मायक्रोसॉफ्टच्या सिस्टीमवर चालणाऱ्या सुरुवातीच्या पॉकेट पीसी फोनमध्ये कॉन्टॅक्ट, नोट्स, कॅलेंडर सगळं रॅममध्येच असायचं. म्हणजे बॅटरी पार संपली आणि थोडा काळ तशीच राहिली की सगळं साफ, फोन दुकानातून आणला तसा कोरा. लोक लग्नाला चार दिवस गावी जायचे, चार्जर विसरायचे आणि धंद्याचे सगळे नंबर गमावून बसायचे. रोज कॉम्प्युटरला लावून सिंक करणं ही सवय त्या भीतीतून आली होती. पामने २००४ च्या ट्रिओ ६५० मध्ये आणि मायक्रोसॉफ्टने २००५ च्या विंडोज मोबाईल ५ मध्ये हे बदललं, बॅटरी गेली तरी डेटा राहायला लागला. कुठल्याही जाहिरातीत ठळक न दिसलेली ही सुधारणा माझ्या मते रंगीत स्क्रीनपेक्षा मोठी होती.

नोकियाचा एन९१ आठवतो का? २००६ चा, स्टीलची बॉडी, आणि आत ४ जीबीची फिरणारी हार्ड डिस्क. फोनमध्ये! आयपॉडला टक्कर द्यायची म्हणून. जो आपण दिवसातून दहादा कुठेही टाकतो, उचलतो, खिशातून पडतो, त्या वस्तूत तबकडी. फ्लॅश स्वस्त झाली आणि हा प्रकार पुढे चाललाच नाही.

आपल्याकडे मात्र सगळ्यात जास्त घबराट झाली ती ऑगस्ट २००७ मध्ये. नोकियाने जाहीर केलं की मात्सुशिता या जपानी कंपनीने डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ मध्ये बनवलेल्या ४ कोटी ६० लाख बीएल-५सी बॅटऱ्या चार्जिंगच्या वेळी तापू शकतात. जगभरात तोवर अशा घटना साधारण शंभर, गंभीर इजा नाही. पण बीएल-५सी म्हणजे नोकियाच्या ६६००, एन७० पासून साध्या ११०० पर्यंत सगळीकडे तीच, भारतात घरटी एक तरी असणारच. टीव्हीवर दिवसभर फोनचा स्फोट, एसएमएसमधून अफवांचं पेव, आणि केअर सेंटरपुढे रांगा. झाकण काढून बॅटरीच्या मागचा २६ अक्षरी नंबर चष्मा लावून वाचायचा आणि यादीत आहे का बघायचं. पण यातली चांगली बाजू बघा, फोन तसाच हातात राहिला, फक्त बॅटरी बदलली, कारण ती नखाने निघत होती. बाजारात डुप्लिकेट बीएल-५सी ढिगाने होत्या आणि तापण्याचा धोका त्यांचाही होता, त्यावर मात्र एवढी चर्चा झाली नाही याचं वाईट वाटतं.

सॉफ्टवेअरच्या बाजूला पहिला अँड्रॉइड फोन, २००८ चा टी-मोबाईल जी१. त्यात सुरुवातीला असा दोष होता की कीबोर्डवर जे काही टाइप कराल ते आतल्या एका छुप्या कमांड विंडोतही जात होतं, तेही पूर्ण अधिकारासह. कोणाशी चॅट करताना नव्या ओळीवर ‘रीबूट’ लिहून एंटर मारलं की फोन खरोखर रीबूट! अपडेट पाठवून ते बंद केलं. आणि इथेच एक मोठा फरक पडला, दोष घरबसल्या दुरुस्त होऊ लागला, आणि त्यामुळेच दोष ठेवून वस्तू बाजारात आणायची सवयही कंपन्यांना लागली असं मला ठामपणे वाटतं.

जून २००७ च्या पहिल्या आयफोनमध्ये आयपॉडचा तोच बंद डबा परत आला, बॅटरी बोर्डाला सोल्डर केलेली, बदलायची तर फोन कंपनीकडे पाठवा आणि ७९ डॉलर अधिक पोस्टेज द्या. तेव्हा यावर खूप टीका झाली. पुढच्या आठ-दहा वर्षांत जवळजवळ सगळ्यांनी तेच केलं, फोन पातळ झाले, पाण्यात पडले तरी वाचायला लागले, हलणारे पार्ट बहुतेक गेले, डेटा क्लाउडवर गेला, आणि आता फोन मरतो तो मुख्यतः काच फुटून, बॅटरी दमून किंवा अपडेट बंद झाल्यामुळे. बॅटरीचा वाद तसाच राहिला. युरोपीय संघाने २०२३ मध्ये जे बॅटरी नियम केले त्यानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून अशा छोट्या यंत्रांतली बॅटरी, काही अपवाद सोडले तर, ग्राहकाला स्वतः काढता आणि बदलता आली पाहिजे. आपल्याकडे ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, पण बॅटरी अशीच बनवा अशी सक्ती त्यात नाही, ती व्हायला हवी.