को-ऑप की ड्युअल क्रेडिट? ओंटारियोतल्या पालकांसाठी

को-ऑप असो की ड्युअल क्रेडिट, दोन्हींत मूल शाळेबाहेर जातं आणि दोन्हींची क्रेडिट्स (एक पूर्ण विषय पास झाला की मिळणारं एकक) हायस्कूल डिप्लोमाच्या 30 क्रेडिट्समध्ये धरली जातात. म्हणून घरोघरी गल्लत होते.

को-ऑप म्हणजे प्रत्यक्ष काम: गॅरेज, पाळणाघर, दवाखाना, ऑफिस. हिशोब तासांचा. एका क्रेडिटला 110 तास, त्यात वर्गातले तासही आले. बरीच मुलं एका सेमिस्टरमध्ये दोन क्रेडिट्स घेतात, म्हणजे शाळेचा अर्धा दिवस कामावर. पगार सहसा नसतो. काम सुरू होण्याआधी करारनाम्यावर सह्या झाल्याच पाहिजेत, कारण कामावर इजा झाली तर विम्याचं संरक्षण त्यावरच अवलंबून असतं.

नेहमीची चूक अशी: मुलगी सुपरमार्केटमध्ये शनिवार-रविवार आधीपासून नोकरी करते, आणि ते झालेले तास दाखवून क्रेडिट मागितलं जातं. मिळत नाही. शाळेने आधी मान्य केलेली जागा आणि शिकण्याचा लेखी आराखडा लागतो. हेच तास डिप्लोमासाठी लागणाऱ्या 40 तासांच्या समाजसेवेतही दाखवता येत नाहीत.

ड्युअल क्रेडिटमध्ये काम नसतं, अभ्यास असतो. शेरिडन किंवा मोहॉकसारख्या कॉलेजचा विषय, त्यांच्याच असाइनमेंट्स आणि परीक्षा. फी मात्र नाही. पास झालं की शाळेत क्रेडिट मिळतं आणि कॉलेजच्या गुणपत्रकावरही नोंद होते. तिथे कमी पडलेले गुणही त्या नोंदीत राहतात, हे फुकटच्या आनंदात विसरलं जातं.

मर्यादाही निराळ्या. ड्युअल क्रेडिट्स जास्तीत जास्त चार, आणि तीही ऐच्छिक विषयांच्याच खात्यात. को-ऑपची मात्र दोन क्रेडिट्स सक्तीच्या विषयांच्या जागी चालतात.

इलेक्ट्रिशियन, प्लंबर अशा व्यवसायांत दोन्ही एकत्र येतात. ओयॅप (OYAP, हायस्कूलमध्येच अप्रेंटिसशिप सुरू करून देणारी ओंटारियोची योजना) मधलं मूल को-ऑपमधून साइटवर काम शिकतं, आणि काही ठिकाणी अप्रेंटिसशिपच्या पहिल्या पातळीचे कॉलेजमधले वर्ग ड्युअल क्रेडिट म्हणून करतं. हात चालणाऱ्या मुलासाठी याहून चांगली सोय आम्हाला तरी दिसत नाही.

युनिव्हर्सिटीचं मनात असेल तर गणित बदलतं. ओंटारियोतल्या प्रवेशाला बारावीचे यू (युनिव्हर्सिटीच्या तयारीचे) किंवा एम (युनिव्हर्सिटी आणि कॉलेज दोन्हींच्या तयारीचे) प्रकारचे सहा विषय लागतात आणि को-ऑप त्यांत बसत नाही. तेव्हा बारावीच्या वेळापत्रकात आधी ते सहा विषय बसवा. दोन तासिका उरल्या तर को-ऑप. नाहीतर को-ऑप अकरावीतच उरका.