शांती वाटा मागायला आली नव्हती

यंदाच्या आखाजीलाही, म्हणजे आमच्या खान्देशातल्या अक्षय्य तृतीयेलाही, तेच झालं. अमळनेरला माहेरी आम्ही बहिणी-भावजया जमलो, झोके झाले, गौराईची गाणी झाली, रस-पुरणपोळीचं जेवण अंगावर आलं. दुपारी मागच्या खोलीत कूलरपुढे आडव्या झालो तेव्हा जुन्या मालिकांचा विषय निघाला. धाकटी वहिनी म्हणाली, "ती नाही का ताई, मंदिरा बेदी! त्या शेठची दुसरी बायको असते, आणि तो मेल्यावर जायदादीसाठी सगळ्या घराशी भांडते. शांती, शांती!"

मी उठून बसले. या एका वाक्यात दोन मालिका शिवल्या गेल्यात. चेहरा आणि नाव 'शांती'चं, कथा 'स्वाभिमान'ची, आणि 'दुसरी बायको' तर दोन्हींतही नाही. हे मी लग्नाच्या मांडवात ऐकलंय, भुसावळच्या गाडीत बायकांच्या डब्यात ऐकलंय, आता घरातही ऐकलं. म्हणून एकदा नीट मांडते.

'शांती' तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे तिच्याबद्दल थोडक्यात. १९९४ साली दूरदर्शनवर आली, रोज, आणि तीही भर दुपारी. त्याआधी 'हम लोग' आणि 'बुनियाद' होत्या, पण रोजच्या रोज, आठवडाभर चालणारी मालिका म्हणून पहिलं नाव शांतीचंच घेतलं जातं. आदी पोचा यांची कल्पना, यूटीव्हीची निर्मिती, मंदिरा बेदीचं पहिलंच मोठं काम. शांती पत्रकार आहे. सिनेमाच्या धंद्यात नाव कमावलेल्या दोन मित्रांचं चरित्र लिहायचं म्हणून ती त्यांच्या बंगल्यात शिरते. खरं कारण वेगळं असतं. या दोघांनी तिच्या आईवर अत्याचार केलेला असतो, आणि दोघांपैकी एक तिचा बाप असतो.

'स्वाभिमान' त्यानंतर वर्षभराने, १९९५ मध्ये आली. दूरदर्शनच, दुपारच, रोजच. दिग्दर्शन महेश भट्ट यांचं, लेखन शोभा डे यांचं. स्वेतलानाच्या भूमिकेत किटू गिडवानी. केशव मल्होत्रा हा बडा उद्योगपती मरतो आणि त्याच्यासोबत राहिलेली, पण त्याच्याशी लग्न न झालेली स्वेतलाना त्या घराण्यासमोर एकटी उभी राहते.

बाकीचे फरक किरकोळ आहेत, भराभर सांगते. रोहित रॉय, आशुतोष राणा, मनोज वाजपेयी हे तिघे 'स्वाभिमान'मधले. पुढे १९९८ मध्ये राणा आणि वाजपेयी सिनेमात गाजले, तेव्हा आमच्या गल्लीने "हा तर आपला दुपारचा" असंच त्यांना ओळखलं. पत्रकार नायिका आठवते, पण ती मराठी बोलायची, असं कुणी म्हणालं तर ती सह्याद्रीवरची 'दामिनी', प्रतीक्षा लोणकरची. ती तिसरीच. नवऱ्याच्या भावाशी लग्न लावलेली सून आठवत असेल तर ती 'कुमकुम'. ती स्टार प्लसवरची, दुपारचीच, पण २००२ ते २००९ मधली. एवढं पुरे.

खरा फरक आता.

आमच्या मोठ्या मायच्या घरी, म्हणजे माझ्या थोरल्या काकूंकडे, गल्लीतला पहिला रंगीत टीव्ही होता. दुपारची धुणीभांडी उरकली की सात-आठ बायका त्या खोलीत यायच्या. रिकाम्या हाताने कुणीच नाही. कुणाच्या पुढ्यात सुपात भुईमुगाच्या शेंगा, कुणी वाती वळतेय, कुणी गोधडीला टाके घालतेय. मी तेव्हा अकरावीत होते आणि दाराशी बसायचे, कारण लाइट चमकला की अँटेना हलवायला गच्चीवर पळायचं काम माझं. शेंगा फोडायचा आवाज सारखा चालू असायचा, कट्, कट्, कट्. शांती त्या दोघांपैकी एकासमोर येऊन उभी राहिली की तो आवाज थांबायचा. आणि कुणीतरी हळू आवाजात विचारायचंच, "तिना बाप कोन शे वं?"

वर्षभराने त्याच खोलीत, त्याच बायका, त्याच शेंगा. पडद्यावर स्वेतलाना आली की आवाज थांबायचा नाही, उलट वाढायचा. आणि प्रश्न वेगळा असायचा, "हाई त्यानी कोन लागस?"

हे दोन प्रश्न जवळजवळ ठेवून बघा. तिचा बाप कोण आहे? ही त्याची कोण लागते? सगळा फरक एवढ्यात आहे.

शांतीचा प्रश्न रक्ताचा आहे, जन्माचा आहे. उत्तर अस्तित्वात आहे, कुणीतरी ते दाबून ठेवलंय एवढंच. ते बाहेर काढायला ती आली आहे. तिला बंगला नको, पैसा नको. आईवर काय झालं ते या लोकांनी कबूल करावं, एवढंच तिला हवं. स्वेतलानाच्या बाबतीत दाबून ठेवलेलं काहीच नाही. ती केशव मल्होत्रासोबत राहत होती हे सगळ्यांना ठाऊक आहे. सत्य उघड असूनही तिला जागा नाही, कारण त्या नात्याला नावच नाही. शांतीला पुरावा सापडला की ती जिंकते. स्वेतलानाने दहा पुरावे आणले तरी पुरावा कशाचा, हा प्रश्न उरतोच.

आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर शांतीचं भांडण दाखल्याचं आहे आणि स्वेतलानाचं सातबाऱ्याचं.

दाखला म्हणजे काय ते मी जवळून पाहिलंय. पुढे मी एका शाळेच्या ऑफिसात बावीस वर्षं काम केलं, जनरल रजिस्टर भरायचं काम माझ्याकडे होतं. एका जूनमध्ये एक बाई मुलीला पहिलीत घालायला आली. मी नेहमीसारखं विचारत गेले, मुलीचं नाव, जन्मतारीख, वडिलांचं नाव. ती गप्प. मुलगी काउंटरच्या कडेला दोन्ही हातांनी लोंबकळत माझ्या पेनाकडे बघत होती. मी परत विचारलं. ती म्हणाली, "माझं लिहा ना." वरिष्ठांना विचारलं तर त्यांनी रकाना मोकळा ठेवून चालणार नाही असं सांगितलं आणि बाईला परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी ती आपल्या भावाला घेऊन आली आणि त्याचं नाव लावून गेली. मी ते माझ्या हाताने, माझ्या अक्षरात लिहिलं. तेव्हा विरोध करायला हवा होता, तो मी केला नाही, आणि ते मला आजही लागतं. शांतीवर कुणी लोभाचा आळ घेतला की मला तो मोकळा रकाना दिसतो. तो रकाना भरायला आलेल्या मुलीला वाटेकरी म्हणू नका.

आता सातबारा. १९८९-९० च्या सुमारास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा विषय काढला होता. शेतकऱ्याने थोडी तरी जमीन बायकोच्या नावावर करावी, अशी ती मोहीम होती. पुढे १९९२ मध्ये सरकारनेही बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावायची योजना आणली. म्हणजे 'स्वाभिमान' सुरू झाली तेव्हा बाईचं नाव सातबाऱ्यावर ही गोष्ट आमच्याकडे ताजी होती. त्या खोलीतल्या बायकांमध्ये जिचं लग्न लागलेलं, जिने तीस वर्षं कापूस वेचला, तिचंही नाव जमिनीवर नव्हतं. मग लग्नाविना राहिलेल्या स्वेतलानाने वाटा मागावा, हे त्यांना कसं पचावं? शांतीसाठी पदर डोळ्याला लावणाऱ्या बायका स्वेतलानाला शिव्या देत होत्या, त्याचं कारण हे आहे. त्या दुष्ट नव्हत्या. लग्नाच्या बायकोच्या रांगेत उभं राहून त्यांना स्वतःलाच अजून काही मिळालं नव्हतं, आणि ही रांग सोडून पुढे आली असं त्यांना वाटायचं.

कायद्याने बघितलं तरी चित्र तसंच होतं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात पहिल्या वर्गाच्या वारसांत मुलगा आहे, मुलगी आहे, विधवा आहे, आई आहे. सोबतीण कुठेच नाही. मृत्युपत्रात माणसाने तिला काही लिहून दिलं तर तेवढंच. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात 'लग्नासारखं नातं' हे शब्द आले, पण २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला अटी लावल्या. त्यातली एक अशी की दोघंही कायद्याने लग्न करायला मोकळे असले पाहिजेत. ज्याची लग्नाची बायको घरात आहे, त्याची सोबतीण त्यातही बसत नाही.

म्हणूनच स्वेतलानाला 'दुसरी बायको' म्हटलं की माझं डोकं फिरतं. दुसरी बायको म्हटलं की बिचारीचं लग्न तरी लागलं होतं असं होतं, तिची सोय होते. आणि कथेचा कणाच जातो. तिच्यापाशी मंगळसूत्र नाही, वऱ्हाड नाही, साक्षीदार नाहीत. आहे तो फक्त स्वाभिमान. मालिकेचं नावच ते आहे, अजून किती स्पष्ट सांगायचं!

लोक या दोघींना एक का करतात याबद्दल मला एक गोष्ट पक्की वाटते. आपल्याला शांतीबद्दल माया होती आणि स्वेतलानाबद्दल नव्हती. तीस वर्षांनी कथा अर्धी विसरली, पण दुपारी बघितलेली ती एकटी बाई लक्षात राहिली. मग भांडण स्वेतलानाचं आणि चेहरा मायेचा, असं मन आपोआप जोडून टाकतं. यात दोघींचं नुकसान होतं. शांती लोभी ठरते आणि स्वेतलाना पुसलीच जाते.

लक्षात ठेवायची खूण हवी असेल तर दार आठवा. शांती बाहेरून दारातून आत येते, हातात वही-पेन घेऊन. स्वेतलाना आतच असते, तिला दाराबाहेर काढायचं चाललेलं असतं. कुठलाही प्रसंग आठवला की आधी बघा, ती आत यायला बघतेय की बाहेर जायचं नाकारतेय. चुकणार नाही.

आणि मला विचाराल तर 'स्वाभिमान' मोठी. शांती ओढ लावायची, उद्या काय होईल म्हणून झोप उडायची, मंदिरा बेदीची नजर अजून डोळ्यांपुढून जात नाही. पण तिच्या बाजूने उभं राहायला धैर्य लागत नव्हतं, अत्याचारी समोर स्पष्ट होते. किटू गिडवानीने जी बाई उभी केली तिच्या बाजूने उभं राहायला बघणाऱ्याला स्वतःशी भांडावं लागायचं. मला ते अकरावी-बारावीत जमलं नाही, मी मोठ्या बायकांसारखीच बोलायचे. शाळेच्या ऑफिसात बसल्यावर हळूहळू जमलं.

आजच्या मुलींना या मालिका दुपारी लागायच्या हेच खरं वाटत नाही. ३ जुलै २००० ला स्टार प्लसवर 'क्यूंकी सास भी कभी बहू थी' सुरू झाली आणि सासू-सुना रात्रीत गेल्या, सगळं घर एकत्र जेवताना बघू लागलं. दुपारची मालिका घरातले पुरुष नसताना बघितली जायची. म्हणून "तिना बाप कोन शे" हे मोठ्याने विचारता यायचं. रात्री, सासऱ्यांसमोर, तो प्रश्न त्या खोलीत कुणी विचारला नसता.

हे सगळं मी आखाजीच्या दुपारी वहिनीला सांगितलं. ती ऐकून म्हणाली, "म्हणजे शांतीचा प्रश्न आता सुटला म्हणा." तिच्या म्हणण्याला आधार होता. तिच्या मुलीला मागच्या वर्षी मुलगी झाली, आणि १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या सरकारी कागदांवर नावापुढे आधी आईचं नाव, मग वडिलांचं, असा महाराष्ट्रात नियम आहे. वहिनीने मोबाइलमध्ये जन्मदाखल्याचा फोटो काढून दाखवला. बाळाचं नाव, लगेच आईचं नाव.

मोठी माय आता ऐंशीच्या पुढे आहे, कानाला कमी ऐकू येतं. तिने मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन तो दाखला अक्षर अक्षर वाचला, खाली ठेवला आणि विचारलं, "आनि ती दुसरी? जिले आम्ही शिव्या देऊत, तिनं काय व्हयनं?"

मी तिच्या कानाशी वाकून सांगायला लागले.