शिवाजी महाराज–व्यंकोजी राजे संघर्ष

शहाजीराजे भोसले यांच्या कर्नाटकातील दौलतीवरून छत्रपती शिवाजी महाराज आणि त्यांचे सावत्र बंधू व्यंकोजी ऊर्फ एकोजी राजे यांच्यात इ.स. १६७७–७८ मध्ये हा संघर्ष झाला. विजापूरची आदिलशाही, गोवळकोंड्याची कुतुबशाही आणि तमिळ प्रदेशातील नायकांची राज्ये यांच्या सरहद्दी ज्या मुलखात एकमेकींना भिडल्या होत्या, तेथे तो घडला. यामुळे घरातील वाटणीचा प्रश्न आणि राज्याराज्यांमधील युद्ध या दोन गोष्टी यात अखेरपर्यंत वेगळ्या करता येत नाहीत.

शिवाजी महाराज हे जिजाबाईंचे, तर व्यंकोजी हे तुकाबाई मोहिते यांचे पुत्र. एक पुण्याच्या जहागिरीत वाढला, तर दुसरा बंगळूरला वडिलांपाशी. २३ जानेवारी १६६४ रोजी होदिगेरे येथे शिकारीत घोड्यावरून पडून शहाजीराजांचा मृत्यू झाला आणि कर्नाटकातील सारा कारभार आदिलशहाच्या मान्यतेने व्यंकोजींकडे गेला. दोघे भाऊ परस्परविरोधी सैन्यांत उभे राहिल्याचा प्रसंग त्यानंतर दोनच वर्षांच्या आत आला. डिसेंबर १६६५ मध्ये पुरंदरच्या तहानुसार शिवाजी महाराज मिर्झा राजा जयसिंहाबरोबर विजापूरवर चालून गेले, तेव्हा मोगलांवर हल्ले करणाऱ्या आदिलशाही फौजेत व्यंकोजी होते.

तंजावर व्यंकोजींच्या हाती कधी आले, याविषयी एकमत नाही. मदुरेच्या चोक्कनाथ नायकाने १६७३ मध्ये तंजावरचा विजयराघव नायक यास मारून ते राज्य घेतले. विजयराघवाच्या वंशातील चेंगमलदास या मुलाच्या पक्षाने विजापूरकडे मदत मागितली आणि आदिलशहाने व्यंकोजींना पाठविले. चेंगमलदासाला गादीवर बसविल्यावर दरबारातील बेबनावाचा फायदा घेऊन व्यंकोजी स्वतःच राज्यकर्ते झाले, असे सामान्यतः सांगितले जाते. या घटनेची साले १६७४ पासून १६७६ पर्यंत दिली गेली आहेत. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरातील १८०३ चा विस्तीर्ण मराठी शिलालेख हा भोसले घराण्याचा अधिकृत वृत्तांत होय. पण तो सव्वाशे वर्षांनंतरचा असल्याने कालनिर्णयासाठी एकट्या त्याच्यावर विसंबता येत नाही. या नोंदीत १६७५–७६ हा काळ अधिक संभाव्य मानला आहे.

शहाजीराजांच्या वेळचे कारभारी नारो त्रिमल हणमंते यांचे पुत्र रघुनाथपंत यांचे व्यंकोजींशी पटेनासे झाले. ते गोवळकोंड्याला कुतुबशहाचे कारभारी मादण्णा पंडित यांना भेटले आणि पुढे शिवाजी महाराजांकडे आले. कर्नाटक मोहिमेची मूळ कल्पना कितपत त्यांची होती, हे ठरविणे अवघड आहे. बखरी त्यांना पुष्कळ श्रेय देतात. जदुनाथ सरकार मोहिमेचा हेतू मुख्यतः द्रव्यप्राप्ती हाच मानतात, तर न्यायमूर्ती रानडे तिच्यात दक्षिणेकडे दुसरी संरक्षक फळी उभारण्याचा विचार पाहतात. राजाराम महाराजांना पुढे तमिळ प्रदेशातील जिंजी किल्ल्याच्या आश्रयाने मोगलांशी अनेक वर्षे लढता आले, हे लक्षात घेता रानड्यांचे मत सहज बाजूला सारता येत नाही. मात्र नंतर झालेला उपयोग हा आधीच्या हेतूचा पुरावा ठरत नाही, हेही खरे.

शिवाजी महाराज १६७७ च्या प्रारंभी भागानगरला (हैदराबादला) गेले आणि कुतुबशहाशी करार करून दक्षिणेकडे वळले. मे महिन्यात जिंजी हाती आली. जुलैमध्ये विजापूरचा सरदार शेरखान लोदी शरण आल्यावर महाराजांचा तळ कोळ्ळिडम नदीच्या उत्तरेस तिरुमळवाडी येथे पडला. पुदुच्चेरीच्या फ्रेंच वखारीचा प्रमुख फ्रान्स्वा मार्टिन याचा दूत या तळावर गेला होता. छावणीत बायका नव्हत्या, डामडौल नव्हता आणि अवघे दोन साधे तंबू होते, एक खुद्द महाराजांसाठी आणि दुसरा त्यांच्या प्रधानासाठी, असे त्याने पाहिले. याच ठिकाणी व्यंकोजी भावाच्या भेटीस आले.

भेटीत नेमके काय मागितले गेले, यावर साधने वेगवेगळे बोलतात. कृष्णाजी अनंत सभासद याच्या बखरीनुसार वडिलांची बारा बिरुदे मागितली गेली. महाराजांनी व्यंकोजींना लिहिलेल्या पत्रात मात्र वडिलार्जित दौलतीचा अर्धा वाटा ही मागणी आहे. सभासदाने आपली बखर राजाराम महाराजांसाठी जिंजीतच रचली, म्हणून त्याला स्थानिक आठवणी उपलब्ध असाव्यात. तरीही वादातील पक्षकाराने स्वतः लिहिलेले पत्र अधिक ग्राह्य धरावे लागते. वडील वारून तेरा वर्षे झाली आणि इतका काळ सर्व दौलत तुम्ही एकट्यानेच भोगली, असा त्या पत्राचा आशय आहे. तेरा वर्षांचा हा हिशेब १६६४ पासून बरोबर जुळतो.

कायद्याच्या दृष्टीने ही मागणी साधी नव्हती. वतन वंशपरंपरेने भावाभावांत वाटले जाई आणि मिताक्षरा या हिंदू कायद्याच्या ग्रंथाच्या परंपरेत पित्याच्या धनात पुत्रांचा भाग समान असे. परंतु मोकासा किंवा जहागीर ही चाकरीबद्दल मिळे आणि धन्याच्या फर्मानाने चाले. व्यंकोजी स्वतःला विजापूरचे चाकर समजत होते. त्या दृष्टीने वाटणीला जागाच नव्हती. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर स्वतंत्र छत्रपती झालेल्या महाराजांच्या दृष्टीने तीच दौलत पित्याने मिळविलेली मालमत्ता होती. दोघांच्या म्हणण्यात हेका कमी आणि दोन निराळ्या राजसत्तांची दृष्टी अधिक दिसते.

व्यंकोजी रात्री मोजक्या माणसांसह नदी ओलांडून तंजावरला निघून गेले. त्यांना धरण्याचा आपला विचार नव्हता, अशी खंत महाराजांनी व्यक्त केल्याचे सभासद सांगतो. त्यानंतर कोळ्ळिडमच्या उत्तरेकडील मुलूख, आरणी, तसेच बंगळूर, कोलार, होसकोटे ही ठाणी महाराजांच्या ताब्यात आली. नोव्हेंबरच्या सुमारास ते परतले आणि जिंजीला संताजी भोसले यांना ठेवले. संताजी हेही शहाजीराजांचेच पुत्र असून ते व्यंकोजींची बाजू सोडून आले होते. त्यामुळे १६ नोव्हेंबर १६७७ च्या सुमारास वाळगोंडपूरकडे जी लढाई झाली, तीत दोन्ही बाजूंचे नेतृत्व एकाच पित्याच्या मुलांकडे होते. दिवसा व्यंकोजींची सरशी झाली. रात्री संताजींनी बेसावध छावणीवर छापा घालून विजय मिळविला. या काळाच्या तारखा तपासताना एक खबरदारी आवश्यक आहे: मद्रासचे इंग्रज जुनी कालगणना, तर फ्रेंच नवी कालगणना वापरत आणि त्यांत दहा दिवसांचा फरक पडतो. लढाईच्या स्थळासाठी काही ठिकाणी अहिरी हे नावही येते.

व्यंकोजींच्या या पराभवानंतर महाराजांनी युद्ध लांबविले नाही. व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाई यांनी पतीस समेटाकडे वळविले, असे परंपरा सांगते. तहाची एकोणीस कलमे उत्तरकालीन बखरींमधून आली आहेत. म्हणून त्यांचा शब्दशः पाठ सावधपणेच वापरावा. त्यांनुसार तंजावर व्यंकोजींकडे राहिले आणि बंगळूर, होसकोटे इत्यादी परगण्यांचे सुमारे दोन लाख होनांचे उत्पन्न दीपाबाईंना चोळीबांगडीसाठी देण्यात आले. हार पत्करलेल्या भावाला मुलूख परत देताना तो भावजयीच्या नावे देण्यात आला, ही तरतूद अस्सल असल्यास विशेष लक्षणीय आहे.

यानंतर व्यंकोजी उदास होऊन कारभारातून मन काढू लागले. शिवाजी महाराजांनी आयुष्याच्या अखेरच्या काळात त्यांना पत्र लिहून, हे दिवस पराक्रमाचे आहेत, वैराग्याला उतारवय पुरेसे आहे, असे बजावले. व्यंकोजींच्या मृत्यूची साले १६८३ ते १६८७ या दरम्यानची दिली जातात. त्यांचे पुत्र शहाजी, सरफोजी आणि तुकोजी यांनी क्रमाने तंजावरवर राज्य केले.