बारावीनंतर लॉ, आणि मधली ती तीन वर्षं

बारावीचे निकाल लागले की तालुक्याच्या गावांत करिअर मार्गदर्शनाची शिबिरं सुरू होतात, हल्ली त्यात लॉचं पण एक सेशन असतं. सांगतात ते साधारण असं, की क्लॅट (नॅशनल लॉ युनिव्हर्सिट्यांची सामाईक प्रवेश परीक्षा) किंवा सीईटी (राज्याची प्रवेश परीक्षा) द्या, पाच वर्षं शिका, मग वकिली करा, कंपनीत जा नाहीतर जेएमएफसीची, म्हणजे खालच्या कोर्टातल्या न्यायाधीशाची, परीक्षा देऊन तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी जज व्हा. यातलं शेवटचं २० मे २०२५ नंतर सांगता येत नाही, कारण त्या दिवशी सुप्रीम कोर्टाने जज व्हायला आधी तीन वर्षं वकिलीची अट घातली, तरी कुठं कुठं अजून सांगतात. म्हणून थोडं मागचं.

फार मागं जायची गरज नाही. मुंबईचं सरकारी लॉ कॉलेज १८५५ चं, पुण्यातलं जुनं कॉलेज १९२४ चं, पण तेव्हा लॉ म्हणजे आधी बीए-बीकॉम आणि मग एलएलबी. ज्यांच्या घरात वकिली होती ते यायचे, नाहीतर नोकरी शोधता शोधता कोणीतरी नाव घालून ठेवायचा. दहावी-बारावीच्या पोराला लॉ सुचवायची पद्धतच नव्हती. ती आली पाच वर्षांच्या कोर्समुळे. बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलमध्ये १९८८ ला पहिली बॅच बसली, मग इतर राज्यांनी तशाच युनिव्हर्सिट्या काढल्या, प्रत्येकीची परीक्षा वेगळी, फॉर्म वेगळा, आणि २००८ ला एकदाची क्लॅट आली. आपल्याकडं मुंबई, नागपूर, औरंगाबाद व्हायला २०१४ नंतरची वर्षं उजाडली, राज्याची लॉ सीईटी २०१६ ची. क्लॅट अजूनही फक्त इंग्रजीत, त्यामुळे मराठी मीडियमच्या पोरांना खरी वाट सीईटीचीच.

आता मूळ मुद्दा. जज व्हायला आधी वकिली लागते का?

१९९३ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं लागते, किमान तीन वर्षं. ज्यानं कोर्टात उभं राहून कधी काम केलं नाही त्यानं थेट खुर्चीत बसू नये, असा तो विचार. मग न्यायाधीशांच्या पगार आणि सेवाशर्तींसाठी एक आयोग बसला, त्याचं म्हणणं पडलं की हुशार पोरं तीन वर्षं वकिलीत रुळली की परत या नोकरीकडं बघत नाहीत, म्हणून ताज्या पदवीधरांना घ्या आणि किमान एक वर्ष, जमलं तर दोन वर्षं नीट ट्रेनिंग द्या. २००२ मध्ये त्याच कोर्टाने हे मान्य केलं आणि अट गेली. महाराष्ट्राने २००८ च्या नियमांत दोन्ही सोयी ठेवल्या, तीन वर्षं वकिली केलेल्यांना एक आणि फ्रेशरना एक, फक्त फ्रेशरने सगळ्या परीक्षा पहिल्या फटक्यात पास झालेलं हवं, शेवटच्या वर्षाला ५५ टक्के हवेत आणि वय २५ च्या आत. माझ्या मते ही सोय चांगली होती. शेतकऱ्याच्या, एसटी कंडक्टरच्या घरातली पोरं-पोरी या फ्रेशरच्या वाटेनं जज झाल्या, आणि शिबिरात फोटो लावायचे ते त्यांचेच.

२०२५ ला कोर्टाने परत अट आणली. कारण दिलं की गेल्या वीसेक वर्षांचा अनुभव बरा नाही, नुसत्या पुस्तकी ज्ञानावर आलेल्यांना कोर्ट चालवताना अडचणी येतात, बहुतेक हायकोर्टांचंही मत तसंच आहे. यात तथ्य नाही असं कोणी म्हणणार नाही, साठीतल्या वकिलाला भर कोर्टात झापणारा पंचविशीतला साहेब बाररूममध्ये सगळ्यांनी पाहिलेला आहे. पण साठीतले साहेब झापत नाहीत असं थोडंच आहे, आणि ट्रेनिंग कमी पडत असेल तर ते वाढवायला हवं होतं असं म्हणणारेही बरेच आहेत.

निकालातल्या बारीक गोष्टी शिबिरात सांगायला हव्यात. तीन वर्षं मोजायची ती तात्पुरती सनद (वकिलीचा परवाना) मिळाल्यापासून, त्यानंतर द्यायची ऑल इंडिया बारची परीक्षा पास झाल्यापासून नाही. वकिली केल्याचा दाखला लागतो, किमान दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलाचा, आणि त्यावर तिथल्या न्यायिक अधिकाऱ्याची सही. जजकडं लॉ क्लार्क म्हणून केलेलं काम धरलं जातं. निवड झाल्यावर कोर्टात बसायच्या आधी एक वर्ष ट्रेनिंग. आणि ज्या भरतीच्या जाहिराती आधीच निघाल्या होत्या त्यांना ही अट नाही.

म्हणजे हिशोब असा, की बारावी अठराव्या वर्षी, डिग्री तेविसाव्या, अर्जच मुळी सव्विसाव्या वर्षी. मुलगी असेल तर तोवर घरचे थांबतील का, आणि मुलगा असला तरी ज्युनिअरशिपच्या त्या वर्षांत खायचं काय. सिनिअर तारखा घ्यायला पाठवतो, झेरॉक्स आणायला पाठवतो, महिन्याला हातात काय ठेवेल ते त्याच्या मर्जीवर. सनदेची फी तरी आता आवाक्यात आली, जुलै २०२४ च्या निकालाने ओपनला ७५० आणि एससी-एसटीला १२५ रुपयेच घेता येतात, त्याआधी कुठं १५ हजार तर ओडिशात ४२ हजारांच्या घरात जायची. ज्युनिअरच्या स्टायपेंडबद्दल ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाचं एक परिपत्रक निघालं, शहरात महिना २० हजार, गावाकडं १५ हजार. पण ती शिफारस आहे, सक्ती नाही, आणि तालुका कोर्टातल्या सिनिअरपुढं ते परिपत्रक काढून दाखवायची हिंमत कुठल्या ज्युनिअरची होणार.