पॅप नॉर्मल आला, पण अंडाशयाचं काय?

पॅप स्मीअरचा रिपोर्ट नॉर्मल आला की बऱ्याच जणी 'चला, पिशवीची काळजी मिटली' म्हणून निर्धास्त होतात. त्या तपासणीत कळते ती मुख्यतः गर्भाशयमुखाची अवस्था. अंडाशयांबद्दल ती जवळजवळ काहीच सांगत नाही.

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागे बहुतेक वेळा एचपीव्ही विषाणू असतो आणि संसर्गापासून कॅन्सरपर्यंत साधारणपणे कित्येक वर्षं जातात. शिवाय ती जागा डोळ्यांना दिसते. सिस्टर तिथे कापसाने पातळ ॲसिटिक ॲसिड लावतात, मिनिटभर थांबतात. बिघडलेला भाग पांढरट दिसू लागतो. उस्मानाबाद (आताचं धाराशिव) जिल्ह्यात १९९९ साली सुरू झालेल्या अभ्यासात १,३१,००० हून जास्त बायका होत्या. एकदाच एचपीव्ही तपासणी (गर्भाशयमुखाच्या नमुन्यात विषाणू शोधणं) मिळालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू तपासणी न मिळालेल्या गटाच्या जवळपास निम्मेच झाले. आता एचपीव्हीवर पुण्यात बनणारी लसही आहे. संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त दिसलं, तर मात्र लसबिस विसरा, आधी डॉक्टर गाठा.

अंडाशयाच्या कॅन्सरचं तसं नाही. अंडाशयं पोटात खोल, आणि तक्रारी अगदी साळसूद: पोट फुगणं, चार घासांत पोट भरणं, सारखी लघवीला लागणं. मग ओवा, सोडा, ॲसिडिटीच्या गोळ्या यात महिने जातात. हे नव्याने सुरू झालं असेल आणि दोन-तीन आठवडे रोजचंच झालं असेल, तर सोनोग्राफी हवी. 'सीए-१२५' या रक्ततपासणीचा आकडा अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये वाढतो, पण ती हमखास नाही. एंडोमेट्रिऑसिस, फायब्रॉइड अशा कॅन्सर नसलेल्या आजारांतही तो वाढतो. पोटाच्या टीबीत तर पोटात पाणी आणि वाढलेला आकडा, दोन्ही सापडतात. तुकडा तपासल्याशिवाय नक्की कळत नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून जास्त बायकांच्या अभ्यासात साधारण निम्म्या जणींची दरवर्षी सीए-१२५ किंवा सोनोग्राफीने तपासणी करून पाहिली; २०२१ मध्ये निष्कर्ष आला, मृत्यू कमी झाले नाहीत. म्हणून दरवर्षीच्या 'पॅकेज'मध्ये हा आकडा मोजून घेण्यावर माझा तरी विश्वास नाही.

घराण्याचा इतिहास जास्त कामाचा. अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा बीआरसीए जनुकातला दोष वडिलांकडूनही येतो, त्यामुळे आईच्या माहेराइतकीच आत्याचीही चौकशी करा. आत्या नेमकी राहून जाते.

आणि 'माझी पिशवी काढलीय' म्हणणाऱ्यांनी डिस्चार्ज कार्ड पाहावं. गर्भाशय काढताना अंडाशयं अनेकदा ठेवलेली असतात.